२३, २५ की २८? नागपुरातील एका रोड बाइकच्या टायरची रुंदी ठरवताना

आमच्या सकाळच्या सायकल गटात ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, त्यांच्या रोड बाइकला कोणत्या रुंदीचे टायर बसवावेत हा प्रश्न गेल्या पावसाळ्यात माझ्यापुढे आला. तोपर्यंत तो आवडीनिवडीचा प्रश्न राहिलेला नव्हता. सायकलीच्या पुढचे चाक धरणाऱ्या कार्बनच्या चिमट्याला (फोर्कला) आतून बारीक खाच पडली होती, तासाभराच्या फेरीनंतर भाऊंच्या दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होत होते, आणि हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी, पूर्ण करायचीच असे त्यांनी मनाशी ठरवले होते. मी व्यवसायाने सायकल दुरुस्ती करणारा नाही. पण गटातील बहुतेकांच्या चाकांचा आऊट (वाकडेपणा) काढण्याचे आणि टायर बदलण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याच अंगणात होते. या प्रकरणात आम्ही काय मोजले, कुठे चुकलो आणि शेवटी काय ठरवले, ते येथे क्रमाने नोंदवतो.

भाऊंचे वय ५२ वर्षे आणि वजन ८१ किलो. सायकल जुनी विकत घेतलेली, ॲल्युमिनियमच्या चौकटीची आणि रिमवर दाबणाऱ्या कॅलिपर ब्रेकची आहे. तिला मुळात २३ मिमीचे टायर होते. आठवड्यातून चार दिवस घरून कार्यालयापर्यंत शहरातील सिमेंट रस्त्यांवरून जाणे, आणि रविवारी एकतर अमरावती मार्गाने वाडी, गोंडखैरी, बाजारगाव करीत कोंढाळीपर्यंत, नाहीतर कामठी, कन्हान, मनसरमार्गे रामटेकला जाऊन परतणे, असा त्यांचा क्रम आहे. दोन्ही रविवारच्या फेऱ्या साधारण १०० किलोमीटरच्या होतात.

उन्हाळ्याअखेरीस दोन महिन्यांत त्यांच्या मागच्या चाकाला चार पंक्चर झाली. ‘टायर बारीक आहेत, जाड टाका’ असे सांगून एका दुकानदाराने २८ मिमीचे टायर बसवून दिले. दुकानात चाक हाताने फिरवून पाहिले तेव्हा ते कुठेही घासत नव्हते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, रस्त्याच्या कडेची काळी माती पावसाने रस्त्यावर आलेली असताना, भाऊंना पुढून खरखर ऐकू येऊ लागली. ती ब्रेक पॅडची असावी असे समजून ते वीस किलोमीटर तसेच चालवत घरी आले. चिमट्याची खाच त्या दिवशीची आहे. गटातील तरुण मंडळींचे मत याहून पुढचे होते: आता सगळे ३२ मिमी वापरतात, भाऊंनीही तेच घ्यावेत. रविवारी चहाच्या टपरीवर यावर बरीच चर्चा झाली, पण कुणीही सायकलीला मोजपट्टी लावली नव्हती.

म्हणून आम्ही पहिले काम मोजण्याचे केले. टायरच्या कडेवर २३-६२२ किंवा २८-६२२ असे जे आकडे छापलेले असतात, त्यांतील ६२२ हा रिमवर टायरची कड जेथे बसते त्या वर्तुळाचा मिलिमीटरमधील व्यास असतो. आपण ज्याला ७०० सी म्हणतो, त्या प्रत्येक चाकाला तो सारखाच असतो. पहिला आकडा मात्र टायरची खरी रुंदी सांगत नाही, ठरावीक रुंदीच्या रिमवर अपेक्षित असलेली रुंदी सांगतो. रिमच्या आतल्या कडांमधील अंतर एक मिलिमीटरने वाढले तर तोच टायर साधारण ०.४ मिमीने अधिक रुंद बसतो. त्यामुळे १३ मिमीच्या जुन्या अरुंद रिमवरील २५ आणि २१ मिमीच्या आधुनिक रिमवरील २५ या दोन टायरांमध्ये प्रत्यक्षात तीन मिलिमीटरपर्यंत फरक पडू शकतो. कंपनीकंपनीचा फरक त्यात आणखी वेगळा.

भाऊंच्या रिमची आतली रुंदी व्हर्नियरने १७ मिमी भरली. २३ चा जुना टायर पुन्हा बसवून मोजला, तर तो २४.२ मिमी निघाला. दुकानातून आलेला २८ चा टायर, बसवून एक रात्र हवेखाली ठेवल्यानंतर, २९.१ मिमी भरला; नवा टायर पहिल्या दिवशी थोडा ताणतो, म्हणून माप दुसऱ्या दिवशी घेणे बरे. म्हणजे नावात पाच मिलिमीटरचा फरक असला, तरी चाकाची त्रिज्याही जवळपास तेवढीच वाढलेली होती, कारण या प्रकारच्या टायरची उंची साधारण रुंदीइतकीच असते. इकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. टायर दोन्ही बाजूंना घासतो का, हे सगळे पाहतात. वर, ब्रेकच्या खालच्या बाजूला किती जागा उरली, हे पाहत नाहीत. भाऊंच्या पुढच्या ब्रेकखाली २३ च्या टायरला ५.५ मिमी जागा होती. २८ च्या टायरनंतर तेथे जेमतेम अर्धा मिलिमीटर उरला. दुकानातील स्टँडवर, चाक स्वच्छ आणि भाररहित असताना, अर्धा मिलिमीटर पुरतो. पावसाळ्यात टायरला चिकटून आलेल्या काळ्या मातीला आणि तिच्यातील बारीक खड्यांना तो पुरत नाही.

मागच्या बाजूला पेडलपासून चाकाच्या आसापर्यंत जाणाऱ्या दोन नळ्यांमध्ये, टायरच्या सर्वांत रुंद भागाशी, एकूण ३४.२ मिमी अंतर होते. चाक मध्यावर नव्हते. २३ च्या टायरला उजवीकडे साडेचार आणि डावीकडे साडेपाच मिलिमीटर जागा दिसत होती. आरे कसून चाक मध्यावर आणल्यावर दोन्हीकडे पाच-पाच मिलिमीटर झाली. येथे २९.१ मिमीचा टायर बसवला तर प्रत्येक बाजूला अडीच मिलिमीटर उरतात. सेमिनरी हिल्सच्या चढावर उभे राहून पेडल मारताना चाक भाराखाली किंचित वाकते, आणि एखादा आरा तुटला तर चाक एका बाजूला बरेच सरकते. म्हणून कोरड्या, स्वच्छ रस्त्यासाठीही मी प्रत्येक बाजूला आणि वर किमान साडेतीन ते चार मिलिमीटर जागा मागतो.

या मापांनंतर ३२ चा विषय संपला. एका मित्राने सुचवले की अधिक लांब भुजांचे ब्रेक बसवले तर जागा वाढेल. ही सूचना वरवर योग्य वाटते, पण भाऊंच्या सायकलीला लागू पडत नाही. कॅलिपर ब्रेकची पोहोच म्हणजे ब्रेकच्या बोल्टपासून पॅडपर्यंतचे अंतर. रोड बाइकवरील नेहमीच्या ब्रेकची पोहोच ३९ ते ४९ मिमी आणि लांब भुजांच्या ब्रेकची ४७ ते ५७ मिमी असते. भाऊंच्या सायकलीत पॅड ब्रेकच्या भुजेतील खाचेच्या वरच्या टोकाजवळ बसवलेले होते, याचा अर्थ बोल्टचे भोक रिमपासून चाळीस-एक्केचाळीस मिलिमीटरवरच आहे. लांब भुजांच्या ब्रेकचे पॅड तेवढे वर येऊच शकत नाहीत. ते रिमच्या खाली, आऱ्यांच्या बाजूला राहतील. चिमट्याचे भोक जेथे पाडले गेले, तेथेच या सायकलीची मर्यादा ठरून गेली होती.

तरीही मूळ तक्रार शिल्लक होती. हात बधिर का होतात आणि पंक्चर का होतात? टायर रुंद करून या दोन्ही गोष्टी सुटतील असे गृहीत धरले गेले होते, पण कारण तपासले गेले नव्हते.

भाऊंनी जुन्या ट्यूबा फेकल्या नव्हत्या, ही मोठीच सोय झाली. चारपैकी दोन ट्यूबांना शेजारी-शेजारी दोन चिरा होत्या, सर्पदंशाच्या खुणेसारख्या. असे पंक्चर काट्याने किंवा तारेने होत नाही. कठीण कडेवर टायर पूर्ण दबून ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चेपली गेली की होते. तिसऱ्या ट्यूबमध्ये ट्रकच्या फाटलेल्या टायरांतून महामार्गाच्या कडेला पडणारी केसासारखी बारीक पोलादी तार घुसलेली होती, आणि चौथीत बाभळीचा काटा. शेवटच्या दोन घटनांचा रुंदीशी फारसा संबंध नाही. पहिल्या दोन कोणत्या दिवशी झाल्या ते भाऊंच्या मोबाइलमधील नोंदींवरून पाहिले, तर दोन्ही शनिवारच्या निघाल्या, आणि हवा भरण्याचा त्यांचा वार होता रविवार. आठवड्यातून एकदा पंपावर १२० पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाबाची हवा भरायची, हाताने दाबून ‘दगडासारखी टाइट’ आहे याची खात्री करायची, आणि पुढचे सहा दिवस पंपाला हात लावायचा नाही. पातळ ब्युटिल ट्यूबमधून रोज थोडी हवा आपोआप झिरपते, आणि टायर जितका अरुंद तितका तिचा परिणाम लवकर जाणवतो. म्हणजे भाऊंची सायकल आठवड्याच्या सुरुवातीला गरजेपेक्षा कितीतरी कडक आणि अखेरीला धोकादायकरीत्या मऊ असे. आणि त्या मऊ दिवशी सिमेंट रस्त्याची कड आडवी आली.

नागपूरच्या रस्त्यांबद्दल येथे थोडे सविस्तर सांगणे गरजेचे आहे, कारण टायरचा निर्णय शेवटी याच रस्त्यांसाठी घ्यायचा होता. शहरातील सिमेंट रस्ता सपाट दिसतो आणि गाडीत बसणाऱ्याला तो तसा वाटतोही. पण काँक्रीटला उष्णतेने प्रसरण पावायला आणि आकसायला वाव मिळावा, म्हणून त्याला ठरावीक अंतरावर आडवे सांधे दिलेले असतात. भाऊंच्या रोजच्या रस्त्यावर आम्ही टेपने मोजले, तर दोन सांध्यांत साडेचार मीटर अंतर भरले. ताशी २७ किलोमीटर वेगाने सायकल मिनिटाला ४५० मीटर जाते, म्हणजे मिनिटाला शंभर सांधे ओलांडते. बहुतेक सांधे बारीक आहेत, पण ज्यांतील भरण निघून गेले आहे किंवा ज्यांच्या दोन बाजू खालीवर झाल्या आहेत, त्यांचा ठोका सरळ हँडलपर्यंत पोहोचतो. याशिवाय काँक्रीट आणि कडेचे गट्टू (पेव्हर ब्लॉक) यांच्या पातळीत अनेक ठिकाणी दोन-तीन सेंटिमीटरचा फरक पडलेला आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसते मांडलेले गट्टू तिच्याबरोबर हलतात आणि काँक्रीट मात्र जागचे हलत नाही. बसला वाट देण्यासाठी सायकल कडेला घेतली आणि परत रस्त्यावर चढवली की मागचे चाक नेमके त्या कडेवर आदळते.

आता हवेच्या दाबाकडे येतो, कारण दाब ठरवल्याशिवाय रुंदीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. दोन वजनकाटे अंगणात ठेवले आणि भाऊंना सायकलीवर नेहमीच्या बैठकीत, ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून, भिंतीच्या आधाराने बसवले. पाणी आणि अवजारे धरून एकूण भार ९३ किलो भरला. त्यातील ५३ किलो मागच्या चाकावर आणि ४० किलो पुढच्या चाकावर होता. दोन्ही टायरांत मात्र भाऊ सारखाच १२० पीएसआय दाब भरत होते. टायर जमिनीला जेवढ्या क्षेत्रावर टेकतो, ते क्षेत्र साधारणपणे भाराला दाबाने भागून मिळते. त्या हिशोबाने मागचा टायर सव्वासहा चौरस सेंटिमीटरवर टेकत होता, तर पुढचा पावणेपाचपेक्षाही कमी जागेवर. बोटे बधिर होण्याचे मोठे कारण मला येथेच दिसले: ज्या चाकावर भार कमी, तेच चाक भाराच्या मानाने सर्वांत कडक होते.

भार टाकल्यावर टायरची उंची सुमारे १५ टक्क्यांनी कमी व्हावी, हा निकष अमेरिकी सायकल-तंत्रलेखक फ्रँक बर्टो यांनी मांडला. तो अंतिम सत्य नाही, पण सुरुवात करण्यासाठी उत्तम आहे. त्यावरून हिशोब केला, तर २४.२ मिमीच्या टायरला भाऊंच्या भारासाठी मागे सुमारे ११० आणि पुढे ८१ पीएसआय लागतात, २६ मिमीच्या टायरला मागे ९७ आणि पुढे ७२, तर २८.५ मिमीच्या टायरला मागे ८३ आणि पुढे ६१. मागे भाऊ थोडे जास्त भरत होते. पुढे मात्र जवळपास दीडपट.

कडक टायर वेगवान असतो, ही समजूत भाऊंच्या मनात खोल बसलेली होती, आणि ती निराधार आहे असे म्हणता येणार नाही. गुळगुळीत पोलादी ड्रमवर टायर फिरवून चाचणी घेतली, तर दाब वाढवला की रोध कमी होताना दिसतो, कारण रबर आणि धाग्यांची घडी कमी वाकते आणि त्या वाकण्यात वाया जाणारी ऊर्जा वाचते. पण ड्रमवर माणूस बसलेला नसतो. खऱ्या रस्त्यावर टायर जे उंचवटे स्वतःत जिरवत नाही, ते सायकल आणि स्वार यांना वर उचलतात. त्या थरथराटात स्नायू आणि अवयव हलतात आणि पेडलवर घातलेली ताकद उष्णतेच्या रूपाने निघून जाते. रस्ता जितका खडबडीत, तितका हा दुसरा तोटा मोठा. रुंद टायरचा फायदाही यातच आहे: दाब तोच ठेवला तर जमिनीला टेकणारे क्षेत्र तेवढेच राहते, पण ते लांबट न होता आडवे आणि आखूड होते, त्यामुळे टायरची बाजू कमी खोल वाकते, आणि रिम जमिनीला लागण्याचा धोका न वाढवता दाब उतरवता येतो. व्यावसायिक शर्यतींत एकेकाळी रूढ असलेले २१ ते २३ मिमीचे टायर मागे पडून २८ आणि त्याहून रुंद टायर आले, ते यामुळेच.

भाऊंना हे पटावे म्हणून एका पहाटे सेमिनरी हिल्सच्या उतारावर आम्ही एक साधी चाचणी केली. टायर तेच, २३ चे. एकदा दोन्हीकडे १२०, आणि एकदा मागे ११०, पुढे ८२. ठरलेल्या खुणेपासून पेडल न मारता उतरायचे आणि सायकल जेथे थांबेल तेथे खडूची रेघ ओढायची. प्रत्येकी चार वेळा. वाऱ्याची झुळूक आणि शरीराची बैठक यांमुळे एकाच दाबाच्या चार रेघांतही काही मीटरचा फरक पडला, आणि दोन दाबांच्या रेघा एकमेकींत मिसळून गेल्या. कमी दाबाने सायकल वेगवान झाली, असे या चाचणीवरून मी म्हणणार नाही. ती मंद झाली नाही, एवढे भाऊंना रेघांवरून स्पष्ट दिसले, आणि त्या दिवशी त्यांना तेवढेच पाहणे आवश्यक होते.

नागपूरच्या उन्हाचाही हिशोब धरावा लागला. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या सायकलीचा काळा टायर त्याहून बराच तापतो. पहाटे २८ अंशांना १२० पीएसआय भरलेला टायर ५८ अंशांपर्यंत तापला, तर वातावरणाचा दाब धरून केलेल्या हिशोबाने काट्यावर सुमारे १३३ पीएसआय दिसतील. भाऊंच्या जुन्या टायरवर छापलेली कमाल मर्यादाच १२० होती. कार्यालयाच्या उघड्या वाहनतळात ती सायकल दिवसभर अशीच उभी असे. ९५ पीएसआयने सुरुवात केली, तर त्याच उष्णतेत दाब १०६ च्या आसपास राहतो.

शेवटी आम्ही दोन्ही चाकांना २५ चे, मऊ आणि लवचीक बाजूंचे टायर घेतले. घेण्याआधी त्याच कंपनीचा त्याच प्रकारचा टायर गटातील एकाच्या १७ मिमीच्या रिमवर बसवलेला होता, तो मोजून पाहिला. भाऊंच्या रिमवर तो २६ मिमी भरला. पुढच्या ब्रेकखाली ३.७ मिमी आणि मागे प्रत्येक बाजूला ४.१ मिमी जागा उरली. मागे २८ आणि पुढे २५ असा पर्यायही विचारात घेतला होता, आणि ज्या चौकटीत मागे जागा आहे तेथे तो चांगलाच आहे. येथे मागची जागाच अपुरी होती. दाब मागे ९५ आणि पुढे ७२ ठेवला. दोन्ही टायर आता साधारण सारख्याच, म्हणजे आठ चौरस सेंटिमीटरच्या आतबाहेरच्या क्षेत्रावर टेकतात. खिशाला परवडेल असा दाबमापक असलेला उभा पंप भाऊंनी घरी घेतला आणि दर दोन दिवसांनी हवा तपासण्याचे मान्य केले. माझ्या मते संपूर्ण खर्चात सर्वाधिक उपयोगी पडलेली वस्तू हीच. सायकलीवरील मीटरमध्ये चाकाचा परीघ २०९६ वरून २१०५ मिमी केला. न केला असता तर २०० किलोमीटरमागे साधारण ८६० मीटर कमी दिसले असते.

भाऊंच्या खोगिराचे टोक थोडे खाली झुकलेले होते, त्यामुळे शरीराचा भार हातांवर येत होता, हेही मला पहिल्याच दिवशी दिसले होते. ते मी मुद्दाम तीन आठवडे तसेच ठेवले, कारण टायर आणि खोगीर एकाच दिवशी बदलले असते तर फरक कशामुळे पडला हे कळले नसते. तीन आठवड्यांत बोटांचा बधिरपणा तासाभराऐवजी अडीच तासांनी सुरू होऊ लागला. खोगीर सपाट केल्यावर रामटेकच्या संपूर्ण फेरीत तो जाणवला नाही. म्हणजे दोष टायरच्या दाबाचा होता, पण एकट्या त्याचा नव्हता.

डिसेंबरातील २०० किलोमीटरची ब्रेव्हे भाऊंनी साडेतेरा तासांच्या मर्यादेत, ११ तास २० मिनिटांत पूर्ण केली. वाटेत मागच्या चाकाला एक पंक्चर झाले. ट्यूबमध्ये एकच बारीक छिद्र होते आणि टायरमध्ये पोलादी तारेचा तुकडा. दुहेरी चिरांचे पंक्चर त्यानंतर आजपर्यंत झालेले नाही.

जे आज नवी सायकल घेण्याच्या विचारात आहेत, त्यांना मी नागपुरासाठी निःसंकोचपणे ३२ मिमीचा टायर मावेल अशी चौकट घ्यायला सांगतो, मग भले ते तिच्यावर २८ किंवा ३० वापरोत. पावसाळ्यात चाकाभोवती मोकळी जागा असणे येथे चैन नाही. भाऊंना नवी सायकल घ्यायची नाही. चिमट्याची खाच एका जाणकाराकडून तपासून घेतली. ती वरच्या रंगाच्या थरापुरती निघाली, तरी तिच्या दोन टोकांवर पांढऱ्या रंगाने खुणा केल्या आहेत आणि दर महिन्याला तिची लांबी पाहतो. दुकानातून आलेले २८ चे टायर माझ्या घरी खुंटीला टांगलेले आहेत. भाऊंच्या मागच्या टायरचा मधला भाग आता चपटा होऊ लागला आहे. पुढचा जवळपास नवाच दिसतो. पुढच्या महिन्यात मागचा बदलावा लागेल, आणि त्या कंपनीने या प्रकाराची नवी आवृत्ती बाजारात आणली असल्याने, पैसे देण्याआधी ती कुणाच्या तरी १७ मिमीच्या रिमवर मोजायला मिळते का, याची चौकशी मी गटात सुरू केली आहे.